सगळ्यात जोराची द्या

प्रेशर वॉशर घ्यायला आलेला माणूस जो पहिला प्रश्न विचारतो, तोच चुकीचा असतो. "ताई, यात सगळ्यात जोराची कोणती?" घरी पाणी कसं येतं, मीटर किती भाराचं आहे, धुवायचं काय आहे, हे तो सांगत नाही. त्याला फक्त शेजाऱ्यापेक्षा जास्त जोर हवा असतो.

दिग्रसला माझं मोटर-पंप आणि फवारणीच्या यंत्रांचं दुकान आहे. सासऱ्यांनी थाटलेलं, पण आता काउंटरवर मी असते आणि मागच्या वर्कशॉपमध्ये मिलिंद असतो. फवारणीचे पंप विकता विकता गाडी धुवायची यंत्रं कधी आली ते आठवत नाही. रस्त्यावर पांढऱ्या चारचाक्या वाढल्या आणि त्या गावच्या धुळीत एका दिवसात भुऱ्या होऊ लागल्या, तेव्हाची गोष्ट असावी. पूर्वी लोक बादली आणि जुना बनियन घेऊन गाडी पुसत. आता त्यांना वाटतं, आपण गाडीला हात न लावता लांबून पाण्याची बंदूक चालवावी आणि समोरच्या घरातल्यांनी ते पाहावं.

ज्यांना खरंच यंत्र घ्यायचं आहे त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिते. पाण्याचा जोर बारमध्ये मोजतात. मिनिटाला किती लिटर पाणी सुटतं, हा दुसरा आकडा. जोराने घाण सुटी होते आणि पाणी तिला वाहून नेतं. नुसता जोर असला तर चिखल दारावरून उडून काचेवर बसतो. घरची गाडी, अंगणातली फर्शी आणि कूलरची पेटी एवढ्यासाठी शंभर-सव्वाशे बार भरपूर झाले. खोक्यावर मोठ्या अक्षरात जो आकडा छापलेला असतो, तो यंत्राने कधीतरी क्षणभर गाठलेला असतो. रोजच्या कामाचा आकडा खाली बारीक अक्षरात असतो. तो वाचायला कोणी खिशातून चष्मा काढत नाही. आत पंपाचं डोकं पितळी आहे की प्लास्टिकचं, हे विचारा. नळ आठवड्यातून दोनदा येत असेल तर यंत्र टाकीतून पाणी ओढतं का, हे विचारा. बोअरचं पाणी असेल तर जाळी दर आठवड्याला काढून धुवा, नाहीतर क्षार साचतात. आणि पाणी नसताना यंत्र चालवू नका. पंपाला आतून थंड ठेवायला पाणीच लागतं, कोरडा चालला की सील जळते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. प्रत्येक गिऱ्हाईक मान हलवतं आणि गाडीचा दरवाजा उघडून खोकं आत ठेवतं.

जोर पाहायला लोक हात पुढे करतात. पाण्याला कोण भितं! म्हणून मी काउंटरवर वांगं ठेवते. बारीक धारेची लाल नोझल लावून वीतभरावरून सोडली की वांग्याला आरपार भोक पडतं. मग हात आपोआप खिशात जातात. एकजण मात्र ते वांगं उचलून, निरखून म्हणाला, "भरताचं मोठं धरलं असतं तर भोक पडलं असतं का?"

पोळ्याच्या आधी एक गृहस्थ आले. "याच्यानं बैल धुता येते काय?"

"येते ना. आधी तुम्ही बसा समोर, तुमच्यावर पाहू."

ते निघून गेले आणि दुसऱ्या दुकानातून मशीन घेतली, असं नंतर कळलं. बैलांचं काय झालं ते कळलं नाही.

दारव्ह्याच्या एका बाईंनी कूलरच्या ताट्या धुतल्या. ताट्या म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या. पहिल्या धारेत सगळा भुसा शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर. त्यांची चूक मी मानत नाही. यंत्र त्यांच्या यजमानांनी घेतलं होतं. मी विचारलं होतं, "घरी चालवणार कोण?" ते म्हणाले होते, "आम्हीच." शंभरातले नव्वद पुरुष हेच सांगतात. पहिल्या रविवारी गाडी धुऊन होते, फोटो निघतो, आणि दुसऱ्या रविवारपासून यंत्र मोरी, अंगण आणि कूलरसाठी बाईच्या हातात येतं. तिला कोणी शिकवलेलं नसतं.

पुसदचे एक डॉक्टर तर भांडायलाच आले. नवीन घेतलेल्या जुन्या गाडीच्या दाराचा रंग माझ्या यंत्राने उडवला म्हणे. गाडी बाहेरच उभी होती. मी जाऊन पाहिलं. रंगाखाली तळहाताएवढी पुट्टी होती.

"डॉक्टर, ही गाडी ठोकलेली आहे."

"ज्यानं दिली तो म्हणाला, एक ओरखडा नाही."

"मग त्याच्याशी भांडा. माझ्या यंत्रानं तुम्हाला फुकट तपासणी करून दिली."

हे सगळं हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही.

यंदा हनुमान जयंतीच्या आठ दिवस आधी फुलसावंगीकडच्या एका गावाहून देवस्थानाचे लोक आले. गावाचं नाव लिहीत नाही. चौघे होते, पण बोलत होते एकटे प्रल्हादराव. ते देवस्थानाचे अध्यक्ष. पांढरे कपडे, पांढरी गाडी, तिची सीटवरची प्लास्टिकची कव्हरं अजून काढलेली नव्हती.

"मंदिरासाठी पायजे. सगळ्यात जोराची द्या."

"मंदिरात काय धुवायचं?"

"फर्शी, पायऱ्या, सभामंडप. वर्षाचं तेल हाय."

"मग मधली घ्या. फर्शीला तेवढी पुरते."

त्यांनी मधलीकडे पाहिलंही नाही. मोठीवर हात ठेवून विचारलं, "गाडीच्या खालचा चिखल निघते काय याच्यानं?"

"मारुतीची गाडी आहे का?"

बाकीचे तिघे छताकडे पाहू लागले. प्रल्हादराव हसले. "तुमी बोलता भल्ल्या, ताई. देवाचं काम करणाराची गाडी साफ असली तं देवाले चालते."

देवस्थानाचं यंत्र, देवस्थानाची वीज आणि गावच्या टाकीचं पाणी. सकाळी गाडी कोणाची धुतली जाणार, हे सगळ्यांनाच कळलं होतं. मी मोठं यंत्र बांधून दिलं. नको म्हणणं हा माझा धंदा नाही. चार नोझल होत्या त्या समजावल्या: पांढरी गाडीला, हिरवी फर्शीला, पिवळी चिखलाला. लाल काढूच नका.

"काहून देता मंग तिले?"

"कंपनी देते म्हणून."

मोठं यंत्र गेलं की आमच्याकडून एक माणूस जाऊन बसवून देतो आणि चालवून दाखवतो. तो माणूस मिलिंद. तो चाळिशीचा आहे, माझ्याकडे चौदा वर्षं झाली. पंप कानाने ओळखतो. मोटर चालू करून डोळे मिटतो आणि सांगतो, बेअरिंग गेलंय. मिलिंद बौद्ध आहे. मला हे चौदा वर्षांत कधी महत्त्वाचं वाटलं नाही, आणि याचा मला थोडा अभिमानही होता. महत्त्वाचं वाटलं नाही, म्हणून कुठल्या गावी त्याला पाठवावं याचा विचारही मी कधी केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला त्याचा फोन आला.

"ताई, तुम्ही या इकडे." आवाज अगदी हळू होता. "देवाचा शेंदूर निघाला. सगळा. माणसं जमली. माझ्या गाडीची चावी काढून घेतली."

"तू केलंस?"

"नाही. पण गन माझ्या हातात आहे."

मी दुकान बंद केलं आणि निघाले. रस्त्यात त्याला पुन्हा दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. त्या दीड तासात मी काय विचार केला ते लिहीत नाही. एवढंच लिहिते की गाडी मी कधी तेवढी जोरात चालवली नव्हती.

काय घडलं होतं ते नंतर मिलिंदकडून तुकड्यातुकड्याने कळलं. तो पोचला तेव्हा प्रल्हादरावांनी आधी नाव विचारलं, मग पूर्ण नाव विचारलं. मग म्हणाले, "तू खालूनच दाखव. पायरीवर नको येऊ." मिलिंदने पायरीखाली यंत्र ठेवलं, नळी जोडली, हिरवी नोझल लावली आणि अंगणातली फर्शी धुऊन दाखवली. काळी फर्शी पिवळी निघाली. लोकांनी वाहवा केली. प्रल्हादरावांना राहवेना. त्यांनी गन घेतली, लाल नोझल शोधून स्वतः लावली आणि पायऱ्या चढून गाभाऱ्यात गेले. मिलिंद खालून ओरडला, "साहेब, लाल नका लावू!" यंत्राच्या आवाजात ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलंही असेल.

ज्यांनी आमच्याकडचे जुने मारुती पाहिलेत त्यांना ठाऊक असेल. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर चढतो. एकावर एक थर बसून त्याची जाड खोळ होते. देवाला नाक, कान, बोटं राहत नाहीत. दोन चांदीचे डोळे तेवढे दिसतात. या मारुतीची खोळ हातभर जाडीची होती. प्रल्हादरावांना वाटलं, वरचं चिकट तेल काढावं. लाल धार खांद्याजवळच्या फटीत शिरली आणि ताटाएवढं ढेपूळ खाली आलं. त्यांनी धार बंद करायच्या ऐवजी घाबरून हात हलवला. मग छाती आली, मग पोट, आणि शेवटी चांदीच्या डोळ्यांसकट तोंड.

प्रल्हादराव पायऱ्या उतरून आले. मिलिंदच्या हातात गन दिली आणि म्हणाले, "धर."

मिलिंदने धरली. यंत्र आमचं, गन आमची. कोणी दिली तर तो धरणारच. ढेपूळ पडल्याच्या आवाजाने माणसं धावत आली, तेव्हा गन मिलिंदच्या हातात होती.

मी पोचले तेव्हा तो कडुलिंबाखालच्या पारावर बसलेला होता. दोन्ही बाजूंना दोन माणसं उभी. त्याचा शर्ट खांद्यावर फाटलेला. मी शर्टाकडे पाहिलं, त्याने मान हलवली, म्हणजे आत्ता बोलू नका.

"तुमच्या माणसानं देव फोडला," एकजण म्हणाला.

"पोलिसात द्यायचा का गावानंच पाहायचं, थे ठरून राह्यलं," दुसरा म्हणाला.

प्रल्हादराव खुर्चीवर बसले होते. चेहरा दुखावल्यासारखा. "ताई, आमी तुमच्यावर भरोसा ठेवला."

मी आयुष्यात भाषण केलेलं नाही. मी पंप विकते. म्हणून मी यंत्रापाशी गेले आणि विचारलं, "हा कुठं उभा होता?"

"इथंच. पायरीखाली."

"वर गेला होता?"

"वर कसा जाईन? अध्यक्षाईनं आधीच बजावलं होतं."

मी गनला नळी जोडली, यंत्र चालू केलं आणि पायरीखाली उभी राहून गाभाऱ्याच्या दिशेने धार सोडली. गनला लाल नोझल तशीच होती, पण तिचीही धार चार हातांपर्यंतच धार असते. त्यापुढे तिचा फवारा होतो. सभामंडपाच्या अर्ध्यात जाऊन पाणी लग्नातल्या गुलाबपाण्यासारखं भुरभुरत पडलं. दारातल्या एका म्हाताऱ्याच्या टोपीवर चार थेंब उडाले.

मी यंत्र बंद केलं. "इथून शेंदूर निघत असेल तर मला दाखवा, मी दुकान बंद करते. आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर तुम्ही याला गाभाऱ्यात जाऊ दिलं. कोणी जाऊ दिलं त्याचं नाव सांगा. नाहीतर हा वर गेलाच नाही. मग वर कोण गेलं होतं?"

मिलिंदला दोषी धरायचं तर त्याला गाभाऱ्यात घेतलं, हे कबूल करावं लागत होतं. ते कबूल करण्यापेक्षा देव आपोआप फुटला म्हणणं गावाला सोपं होतं. सगळ्यांचं डोकं त्याच दिशेने चाललेलं मला दिसत होतं. प्रल्हादराव आपल्या चपलेकडे पाहत होते.

तेवढ्यात गाभाऱ्यातून पुजारी महाराज बाहेर आले. ऐंशीच्या घरातले असावेत. इतका वेळ आत दिवा घेऊन काय करत होते कोण जाणे. त्यांच्या हाताला, धोतराला शेंदूर लागला होता.

"काय गलका लावला?" ते म्हणाले. "देवानं खोळ सोडली. माह्या आज्याच्या वक्ताले सोडली होती, तवा गावात सात दिवस भंडारा झाला. आत येऊन पाहा, मिशा हायेत देवाले."

गाव आत धावलं. मीही दारापर्यंत गेले. आत दगडाचा छोटासा मारुती होता. आधीच्या निम्म्याने लहान, पण काय कोरलेला! पीळदार मिशा, कमरेला खंजीर, पायाखाली कोणीतरी दाबलेलं. इतकी वर्षं तो ढेपळाच्या आत उभा होता आणि लोक ढेपळाला नारळ फोडत होते.

घंटा सुरू झाली. बाया आरतीचं ताट घेऊन आल्या. पंधरा मिनिटांपूर्वी पोलिसांचं बोलणारा माणूस ढेपळाचे तुकडे नव्या धोतरात गोळा करू लागला, नदीत शिरवायला. आणि प्रल्हादराव खुर्चीवरून उठले.

"मले कालपासून आतून वाटून राह्यलं होतं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "की आपल्या हातानं सेवा व्हावी. माह्याच हातून घडलं पाहा."

"गन तुमच्या हातात होती?" मी विचारलं.

"माह्याच ना! हे काय विचारणं झालं, ताई?"

"मग हा माणूस दोन तास इथं काहून बसवला?"

"आता देवाच्या दारात थे कायले काढता? झालं गेलं. परसाद घ्या."

लोक हसले. चांगलं हसले, मोकळं. त्यांच्या लेखी गोष्ट गोड झाली होती. कोणीतरी मिलिंदच्या गाडीची चावी आणून यंत्रावर ठेवली. त्याच्या हातात नाही दिली. मी म्हटलं, माफी मागा. एकाने "कोणाची?" असं खरंच न समजून विचारलं. मिलिंद तोपर्यंत नळी गुंडाळत होता. गुंडाळून झाल्यावर तो प्रल्हादरावांना म्हणाला, "तुमचं पाणी बोअरचं आहे. जाळी आठवड्याला धुवा. आणि टाकीत पाणी पाहूनच चालवा."

फाट्यावर चहाला थांबलो. मी म्हटलं, "झालं ना शेवटी नीट." माझ्या फवाऱ्याच्या युक्तिवादावर मी जरा खूश होते, हे कबूल करते.

मिलिंदने कप खाली ठेवला. "ताई, देव आत साधाच दगड निघाला असता तर?"

मी धार सोडून सिद्ध केलं ते कोणालाच पटलं नव्हतं. पटायची गरजच पडली नव्हती. तो सुटला ते मिशांमुळे.

"डेमोला मी आता जाणार नाही," तो म्हणाला. "मशीन दुकानात आणा, मी दुरुस्त करीन."

"एका गावासाठी?"

"तुम्हाला ते एक गाव वाटते."

त्या उन्हाळ्यात आसपासच्या पाच देवस्थानांनी तेच यंत्र नेलं. "त्या मारुतीवालं द्या." एका अध्यक्षांनी तर विचारलं, खोळ निघायची गॅरंटी आहे का. मी खोक्यातून लाल नोझल काढून घेत होते आणि यंत्र विकत होते. नाही विकलं असतं तर दुसऱ्याने विकलं असतं, असं मी स्वतःला सांगत होते. हे वाक्य दुकानदाराला फार उपयोगी पडतं. प्रल्हादरावांचा त्यांच्या गावात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मला बोलावणं होतं, मिलिंदला नव्हतं. मी गेले नाही. यात काही मोठेपणा नाही, त्या दिवशी दुकानात माल यायचा होता. डेमोला आता मीच जाते. दोन गावांत मला सांगितलं, बायांनी गाभाऱ्यात जायचं नाही, खालूनच दाखवा. मी खालूनच दाखवते.

परवा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रल्हादराव दुकानात आले. मागच्या सीटवर यंत्र. गाडीचं उजवं दार दोन ठिकाणी रंग उडून पांढऱ्याचं करडं झालेलं.

"बंद पडली. वॉरंटीत हाय अजून."

मी वर्कशॉपकडे बोट दाखवलं. मिलिंद बसलेला होता, मागे कंप्रेसर घरघरत होता. प्रल्हादराव थबकले, मग फार जुनी ओळख असल्यासारखं म्हणाले, "अरे, तू इथं होय! बरं हाय ना सगळं?"

"बरं आहे." मिलिंदने यंत्र आडवं केलं, चार स्क्रू काढले, पंपाचं डोकं उघडलं. जळक्या रबराचा वास आला. "टाकी रिकामी असताना चालवली. सील जळली, पिस्टन अडकला. वॉरंटीत बसत नाही."

"मंदिराची मशीन हाय. काय मालूम कोणी चालवली. गावातलं कोणीतरी असंन."

मिलिंदने दुरुस्तीचं कार्ड समोर ओढलं. त्या कार्डावर एक रकाना आहे: यंत्र कोण चालवत होतं. आम्ही तो कधीच भरत नाही. मिलिंदने पेनाचं टोपण काढलं.

"नाव सांगा."

"आता नाव कायले पायजे?"

"त्याशिवाय उघडत नाही."

"उघडली तं हाय."

"मग जोडत नाही."

दुकानात तेव्हा पाच-सहा गिऱ्हाइकं होती. त्यात दोघे फुलसावंगीकडचेच, त्यांच्या ओळखीचे. ते कान देऊन ऐकत होते आणि फवारणीच्या पंपाचा पट्टा उगाच ओढून पाहत होते. प्रल्हादरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी पावतीपुस्तक उघडलं. त्यांनी बाहेर गाडीकडे पाहिलं. मग ते मिलिंदच्या टेबलावर वाकले आणि पुटपुटले, "मीच होतो."

"मोठ्यानं बोला, साहेब," मिलिंद म्हणाला. "कंप्रेसर चालू आहे. ऐकू येत नाही."

कंप्रेसरचं बटण माझ्या हाताशी होतं. मी ते बंद केलं नाही.